रुखवतातला पोपट

काचेचे मणी घ्यायचे तर आमच्या शेजारणीला सोबत न्यावं, असं शेवगावातल्या बायका म्हणत. पदराचं टोक जिभेवर ओलं करून ती मणी घासायची. रंग उतरला नाही तर म्हणायची, "पक्का हाय, घ्या." लोकांच्या दारावरचं मण्यांचं तोरण दिसलं तरी तिचा हात गप्प बसत नसे.

गावात केबल नुकतीच आली होती, तेव्हा माझ्या लेकीचं लग्न झालं. लेकीने विणलेला मण्यांचा हिरवा पोपट रुखवतात होता. विहीणबाई कौतुकाने बघत असताना ही शेजारीण पुढे सरसावली आणि ओल्या पदराने पोपटाचं पोट घासलं. पदर हिरवा झाला.

"कच्चा हाय," तिने सगळ्यांदेखत सांगितलं. लेकीने मान खाली घातली.

मी शेजारणीला ओढत मागच्या दारी नेलं. "अहो, हे मणी तुम्हीच निवडून दिले होते ना?"

"व्हय. पुडीतले वरचेच घासले मी, खालचे कच्चे निघाले. फसले. म्हनून काय तुमच्या विहिणीला पक्के सांगू?"

मनात म्हटलं, अगं बाई, पण गप्प बसायला काय जात होतं तुझं? आणि दुपारी तोच हिरवा पदर खोचून, घरचंच कार्य असल्यासारखी, ती पंगतीत जिलबी वाढत होती.