सुशीलाबाईंच्या घराकडे जायला रस्ता नाही

मावसभावाचा लातूरहून फोन आला. "आई सारखं सुशीलाबाईकडं जायचं म्हणायलीय. मला सुट्टी न्हाई. तू येतीस का?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी नांदेड सोडलं.

लोहा, अहमदपूर, चाकूर. चार तास धरून चाला. अहमदपूरच्या स्टँडवर भजी गरम मिळतात, पाणी मात्र घरून न्या. त्या दुष्काळी उन्हाळ्यात हॉटेलवाले मागितल्याशिवाय ग्लास पुढे करत नव्हते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मावशीचे यजमान, म्हणजे काका, कचेरीत लागले आणि त्यांनी गावाबाहेर प्लॉट घेतला. मागचं शेत ओलांडलं की मावशीच्या मैत्रिणीचं, सुशीलाबाईंचं घर. चुलीवर भाजी ठेवून मावशी पायवाटेनं त्यांच्याकडे कढीपत्ता आणायला जायची, ती तासाभरानं परतायची. सुट्टीत मी तिथं असले की भाजी मीच ढवळायचे. पुढे त्या शेतात प्लॉटिंग झालं, कंपाउंडं उठली, दोन्हीकडच्या गल्ल्या भिंतीला जाऊन संपल्या. मावशीचे गुडघे गेलेले, सुशीलाबाईंकडे फोन नाही. आठ महिने भेट नव्हती.

"आतून नेता का?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"आतून रस्ताच न्हाई, ताई. रिंगरोडनंच जावं लागतंय." जाऊन-येऊन दीडशे रुपये ठरले. मावशीच्या मांडीवर धपाट्यांचा डबा होता. वाटेतल्या नव्या नगरांच्या कमानी ती एकेक करून वाचत होती.

सुशीलाबाईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली.

"पाणी न्हाई म्हणून लेक पुण्याला घेऊन गेला. बारा दिवस झाले. जाताना मागच्या भिंतीपाशी हुबं राहून तुमाला लई हाका मारल्या त्यांनी."

मावशीनं कुलूप हातात धरून बघितलं. "टँकर आमच्या गल्लीत वळत न्हाई. तवा चौकात रांगेत असंन मी," ती म्हणाली. मग डबा शेजारणीच्या हातात दिला आणि घरामागे गेली. भिंतीपलीकडे तिच्याच गच्चीवरची काळी टाकी दिसत होती.

दोन दिवसांनी नांदेडला परतले. शेजारणीनं सुशीलाबाईंच्या लेकाचा नंबर दिला होता, तो लातुरात लागला नव्हता; इथून लागला. तिकडून सुशीलाबाईंनी पहिलंच विचारलं, "तिला माझ्या हाका ऐकू गेल्या का गं?"

"नाही. टँकरच्या रांगेत होती ती."



"मग बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी आठ महिने आले न्हाई म्हणून रुसली."