कार्डाच्या खाचेत तेल

नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि डाव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने मऊ चेंडू दिला, दिवसातून तीनदा दाबायचा. त्यांनी तो चार दिवस दाबला आणि पोरखेळ म्हणून पलंगाखाली टाकला. मग कपाटात मुलीचा हातात धरून खेळायचा गेम सापडला. ती लग्न होऊन नवापूरला गेली तेव्हा तो इथेच राहिला होता. त्यात ट्रक चालवायचा खेळ होता. उजव्या हाताने वेग, डाव्या तर्जनीने ब्रेक. चेंडू पोरखेळ आणि हा नाही, असं का, ते मी विचारलं नाही. बोट हलत होतं, मला तेवढं पुरे होतं.

सुरुवातीला ट्रक प्रत्येक वळणावर दरीत जायचा, कारण ब्रेक लागेपर्यंत उशीर व्हायचा. सात महिन्यांत ते घाटावर घाट पार करत गेले. मुक्काम आला की खेळ तिथवर साठवून ठेवता येतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. ते सगळं नखाएवढ्या मेमरी कार्डात होतं.

एका सकाळी पडद्यावर आलं, कार्ड सापडत नाही.

मी साड्यांचे धागे कापत बसले होते. चार वाजता गठ्ठा न्यायला टेम्पो येणार होता. त्यांनी गेम माझ्या मांडीवर ठेवला.

"हाई गयं तर मी पहिलापासून खेळाव नही."

ही धमकी नव्हती. काठी घ्यायची नाही म्हणाले होते, दोनदा पडले, तरी घेतली नाही. खेळ सुटला तर बोटं पुन्हा लाकडासारखी होणार, आणि मग त्यांच्या शर्टाची बटणं रोज मीच लावायची.

गेम बंद करून चालू केला. कार्ड काढून परत बसवलं. तोच निरोप. मग कार्ड माझ्या फोनमध्ये घातलं. फोन म्हणाला, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करू का? याला हो म्हटलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे मला माहीत होतं. मुलीच्या लग्नाचे फोटो मी असेच घालवले होते. नाही दाबलं आणि कार्ड बाहेर काढलं. ते बोटावरून घसरलं. वास घेतला. त्यांचे कामाचे कपडे मी तीस वर्षं धुतले, तो वास मला ओळखावा लागत नाही.

"यामा काय टाकं?"

"थेंबभर तेल."

"काबर?"

"कार्ड अडकी ऱ्हायनं व्हतं. अडकनं का तेल टाकनं, हाई माले कोणी शिकाडाले पाहिजे का?"

बमरोलीच्या ज्या लूमवर, यंत्रमागावर, ते काम करायचे तिथे हे खरं होतं. इथेही तेल टाकल्यावर पंधरा दिवस कार्ड छान सरकत होतं म्हणे. पण त्या तेलावर माझ्या साड्यांचा भुगा बसला. बारीक धागे, चमकीचे कण, घरभर उडतात ते. खाचेत त्याची वातच झाली होती. रागवायचं तर दोघांवर रागवावं लागलं असतं, म्हणून धागे तसेच टाकून रिक्षा पकडली.

लिंबायतच्या कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणारे एक म्हातारे गुजराती गृहस्थ बसतात. त्यांनी भिंग लावून खाचेत पाहिलं.

"बेन, आमां तो तेल छे. लूम समजीने नाख्युं?"

"लूमवाळानुं ज काम छे."

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने खाच साफ केली, खोडरबराने कार्डाचे पितळी पट्टे घासले. आता कार्ड दिसायला लागलं, पण खेळ उघडताना अडकला.

"फॉरमॅट मारी दऊं?"

"ना. पहेलां अंदरनुं बधुं काढो."

कुरकुरत त्यांनी कार्डातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं. मग कार्ड फॉरमॅट केलं आणि उतरवलेलं परत भरलं. खेळाचे दोन साठे निघाले. ताजा उघडला की गेम बंद पडायचा, तीनदा केलं, तीनदा पडला. दुसरा उघडला. तो चार महिन्यांपूर्वीचा होता.

"आटलुं ज बच्युं," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत साडेतीन झाले होते. गेम त्यांच्या हातात दिला आणि काय वाचलं, काय गेलं ते एका दमात सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हाऊ घाट मी उन्हायामा पार करेल शे."

"मंग आते लवकर व्हई."

"चार महिना वाया गयात."

"बोट तर वाया नही गयं ना? आनि हाई पहिलापासून नही शे. तुम्ही पहिलापासून म्हणेल व्हतात."

गेम उशीजवळ ठेवून ते भिंतीकडे वळले. मला समजूत घालायला वेळ नव्हता आणि खरं तर ताकदही नव्हती. मी कात्री घेतली. अकरा साड्या बाकी होत्या.

चौथ्या साडीला ट्रकचा हॉर्न ऐकू आला. थोड्या वेळाने तो दरीत कोसळल्याचा आवाज झाला, त्यामागे एक कचकचीत शिवी, आणि पुन्हा हॉर्न.

मी मान वर केली नाही. पाहिलं असतं तर त्यांनी गेम परत ठेवून दिला असता.