नऊ नंबरची जर्सी

लोडन कॉलेजच्या बेसबॉलला इतिहास आहे, असं लोडनमध्ये प्रत्येकजण सांगतो. तो एकाच सामन्याचा आहे, हे सांगायचं मात्र राहून जातं. १९७१ साली नेब्रास्कातल्या या चिमुकल्या कॉलेजने छोट्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली. पुढे ती फेरी काही पुन्हा दिसली नाही, पण त्या एका विजयावर गावाने पुरवून पुरवून दिवस काढले. मैदानाच्या हिरव्या भिंतीवर त्या संघातल्या वीरांचे नंबर पांढऱ्या रंगात चढले. भिंतीवर चढलेला नंबर निवृत्त. तो पुन्हा कुणी अंगावर घालायचा नाही. माजी विद्यार्थी वयानुसार हळवे होत गेले, तसे नंबरही चढत गेले. आता एक ते नऊ सगळे भिंतीवर आहेत, आणि मैदानातली पोरं सत्तावीस, चौतीस असले आकडे पाठीवर घेऊन हायवेच्या पाट्यांसारखी उभी असतात.

त्यातला नऊ नंबर एमिल ह्रूबीचा.

एमिल संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आणि बॅट हातात असताना संघातला सगळ्यात निरुपद्रवी माणूस. त्या सामन्यात बरोबरी होती, शेवटचा डाव होता, तिन्ही बेसवर लोडनची माणसं होती आणि नेमकी एमिलची पाळी आली. पिचरने टाकलेला चेंडू थेट त्याच्या बरगडीत बसला. एमिल हलला नाही, कारण हलायचं त्याला सुचलंच नाही. चेंडू अंगावर बसला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, पुढचे एकेक बेस सरकतात आणि तिसऱ्यावरचा घरी येऊन धाव मिळवतो. तसा तो आला आणि लोडन जिंकलं. पण गावाच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. एमिल पहिल्या बेसकडे चालत गेला आणि त्याने बरगडी चोळली नाही. लागलेलं चोळायचं नाही, पिचरला तेवढं समाधान द्यायचं नाही, हा या खेळातला रिवाज. दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्राचा मथळा होता : ‘ह्रूबीने चोळलं नाही.’

ते तीन शब्द पुढे जन्मभर त्याच्या मागे लागले. धान्याच्या कोठारात यंत्राच्या पट्ट्यात त्याचं बोट अडकलं, तेव्हा लोक कौतुकाने म्हणाले, एमिल चोळणाऱ्यातला नाही. बायकोचं, डार्लीनचं, मोठं ऑपरेशन झालं तेव्हाही तेच. त्यामुळे कसा आहेस असं त्याला कुणी विचारायचंच नाही. पण भिंतीवरचा तो नऊ त्याचा होता. दुसरं काही मिरवण्यासारखं त्याच्याकडे नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

यंदा ॲरिझोनाहून प्रोबास्को नावाचा नवा कोच आला. त्याने नव्या जर्सी मागवल्या, एकपासून पस्तीसपर्यंत सरळ. त्याला कुणी अडवलं नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लोडनमध्ये कुणी कुणाला सांगत नाही. घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यात लोक गोधड्या पांघरून, मांडीवर कोलाचेचे, म्हणजे गोड सारणाच्या पावांचे, डबे घेऊन बसले होते. एवढ्यात कॅचर मैदानात उतरला. विल्मेर सॅन्दोवाल, मांसाच्या कारखान्यांच्या पलीकडच्या गावातला. पाठीवर नऊ.

कोलाचे चावणारी तोंडं थांबली. सगळ्या माना एमिलकडे वळल्या.

शेजारी लेनर्ड कुचेरा बसला होता. भिंतीवरचा चार नंबर, त्या संघात सेकंड बेस सांभाळणारा. एमिलच्या वतीने तोच तापला. "नुसता बसून राहणार आहेस? अरे, जिवंतपणी तुझे कपडे वाटून टाकले यांनी."

लेनर्ड उठला आणि डाव संपताच कोचला घेऊन आला. कोचचा चेहरा बिटासारखा झाला होता. त्याने माफी मागितली; मिस्टर ह्रूबींनी शब्द टाकला की जर्सी उतरवतो, म्हणाला. एमिलला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. उतरवा, असंच त्याच्या जिभेवर होतं. पण पोराची बॅटिंगची पाळी आली होती. एवढं होऊ दे, मग सांगतो, एवढंच तो म्हणाला.

दुसराच चेंडू विल्मेरच्या बरगडीत बसला.

पोराने बॅट टाकली, स्पॅनिशमध्ये आईला हाक मारली आणि दोन्ही हातांनी बरगडी चोळत, वाकून, पहिला बेस गाठला. तिथेही चोळतच राहिला. बाकांवरून नाराजीचा एक लांबलचक हुंकार निघाला.

"नऊ नंबर घालून चोळतोय," लेनर्ड म्हणाला. देवळात कुणाला थुंकताना पाहिल्यासारखा त्याचा आवाज झाला होता.

एमिलचा हात नकळत स्वतःच्या डाव्या कुशीवर गेला होता. तो उठला, गुडघ्यांना सांभाळत पहिल्या बेसजवळच्या जाळीपाशी गेला. मागोमाग लेनर्ड, असली मजा चुकवणारा तो नव्हता. पोराला तपासायला खेळ थांबवला होता.

"श्वास घेतला की टोचतं का रे?" एमिलने विचारलं.

"नाही. नुसतं दुखतंय." विल्मेरने वर पाहिलं. "मिस्टर ह्रूबी, जर्सी तुमची आहे हे मला आत्ता कळलं. काढून देतो."

"टोचत नाही म्हणजे मोडलेली नाही. चोळ."

"इथे चोळत नाहीत म्हणे."

"माझी मोडली होती," एमिल म्हणाला. "मी चोळली नाही, कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत तसाच खेळायला उभा राहिलो. मी फेकलेला चेंडू सेकंड बेसपर्यंत पोचेना, मग तिकडे धावणारा बाद कसा होणार? त्यांची माणसं धावत सुटली. हरलो आपण."

पोर पुन्हा चोळायला लागलं. मागून लेनर्ड पुढे सरकला.

"म्हणजे मी उशिरा पोचत नव्हतो बेसवर?" त्याने विचारलं.

"नाही. चेंडूच आखूड पडत होता."

"मला वाटायचं, माझे पाय कमी पडले. आजपर्यंत वाटायचं."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर बोलला का नाहीस, हलकटा?"

"चोळायचं नसतं ना," एमिल म्हणाला.

लेनर्डने खिशातला अर्धा कोलाचे काढून एकट्याने खाल्ला, एमिलला विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या मैत्रीत ही मोठी शिक्षा होती, आणि ती तिथेच संपली.

कोच उत्तरासाठी ताटकळत होता. एमिलने त्याला सांगितलं, जर्सी पोराच्या अंगावरच राहू दे. भिंतीवर पाहिजे तर माझं नाव लिहा, आकडा खेळायला लागतो. लेनर्ड घसा खाकरून म्हणाला, मग माझा चारही कुणाला तरी द्या, भिंतीवर नुसता उन्हात उडत चाललाय.

संध्याकाळी शेवटच्या डावात विल्मेर पुन्हा बॅट घेऊन उभा राहिला. पुन्हा चेंडू बरगडीवर आला. पोराने मागे उडी मारली, पाठीवर पडलं, जर्सी मातीने माखली. चेंडू हवेतून निघून गेला. उभा राहिला असता तर पहिला बेस फुकट मिळाला असता, हे बाकांवरच्या प्रत्येकाला दिसलं.

एमिलने टाळी वाजवली. सुरुवातीला एकट्यानेच. मग शेजारून लेनर्डनेही वाजवली. हात गारठलेत म्हणून, असं त्याने सांगितलं.