मातामायला माझं नाव कोण सांगणार?

आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात नवी सून आली की तिला आधी मातामायकडे नेतात. मातामाय म्हणजे लिंबाखालचा दगड, बाकी काही नाही. सासू त्यावर पाणी घालते, सुनेचं नाव सांगते, माहेरचं गाव सांगते आणि म्हणते, "हे पोरगी आता आपली हाये माय, ओळखून ठेवजो." माझ्याही सासूनं सांगितलं होतं. मला तेव्हा पदराआड फिस्सकन हसू आलं होतं. भिलाईला आल्यावर ते हसू कुठच्या कुठं पळालं.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा होत होता. आमचे हे फिटर. सेक्टरात कोरा क्वार्टर मिळाला, घरात नळ, घरात वीज. पण दारात उभं राहिलं की चहूकडे लाल मुरूम आणि धूळ. एका बाजूला बंगाली शेजारीण, दुसऱ्या बाजूला मद्रासी. दोघी माझ्याकडे बघून गोड हसायच्या आणि मी त्यांच्याकडे. बस्स, एवढंच बोलणं. मी तर तोंड बंद ठेवणारी बाईच नव्हे, जीव नुसता आंबून गेला.

क्वार्टरांच्या मागे एक लिंब तेवढा राखला होता, आणि त्याच्याखाली दगड. तिथं आधी गाव होतं, कारखान्यासाठी ते उठवलं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दगड दिसला आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! माहेरचं माणूस भेटावं तसं झालं. मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायला लागले. पाणी घालता घालता सगळं सांगायची. नळाला पाणी कधी येतं, यांची पाळी कोणती, पोरीला कितवा दात आला. ऐकायला कोणी तरी होतं ना!

मग एका सकाळी मला वाटलं, नुसतं पाणी काय घालते, जरा थाटानं करावं. तेलात शेंदूर कालवला, दगडाला चांगला चोपडला, वर कापूर लावला. आमच्या गावची रीतच ती.

तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. माझी दोन वर्षांची पोर नुसती फणफणली, आणि मानेपासून खाली लाल पुरळ. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले गोवर आहे, औषध द्या, घाबरू नका. यांना ते पटलं. मला पटेना. माझ्या डोक्यात एकच घोकणी सुरू झाली. मातामायला मी कोण ते ठाऊक नाही. ना ओळख ना पाळख, कुठली कोण बाई रोज दारात येऊन बसते आणि वर तेल चोपडते! माझं नाव तिला सांगितलं कोणी? आता ती माझी पोर नेणार. हे कोणाला बोलूनही दाखवता येईना. यांना सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला यांच्याजवळ दिलं आणि तांब्या घेऊन लिंबाकडे गेले. बघते तर एक रेजा, बांधकामावर घमेली वाहणारी मजूर बाई, मुठीत वाळू घेऊन माझा दगड खसाखसा घासून राहिलेली! माझं टाळकंच सरकलं.

"कावून वं, देवाले घासून राहिली तू? हात काढ आधी!"

ती माझ्या वरचढ. "ये तेल-सेंदूर कोन लगाइस?" म्हणून छत्तीसगढीत अशी ओरडली की लिंबावरचे कावळे उडाले. आम्ही दोघी मनसोक्त भांडलो. भांडता भांडता कळलं की उठवलेलं गाव तिचंच. तिचा सासरा तिथला बैगा, म्हणजे गावदेवाची पूजा करणारा. ही त्यांची शीतला माता, आणि त्यांच्या घरात हिला फक्त हळदीचं गार पाणी आणि लिंबाचा पाला. तेल नाही, आग नाही.

मी मटकन खाली बसले आणि रडत रडत सगळं ओकले. पोरीचा ताप, पुरळ, माझं पाप.

ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मग एकदम हसायला लागली. आमच्या मजुरांच्या वस्तीत घरोघर पोरं पुरळानं लाल झालीत, म्हणाली, त्या सगळ्यांनी काय तेल चोपडलं होतं? आणि माता आहे ती, आई आहे. रागावली तर तुला रागावेल, लेकराला कशाला?

बाप रे, हे मला सुचलं कसं नाही! छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. तरी मी तिचा हात धरला. म्हटलं, "तू इथली हायेस. माहं नाव तू सांग न तिले."

तिनं नाव विचारलं, माझं आणि पोरीचंही. हळदीचं पाणी घातलं आणि म्हणाली, "दाई, ये तोर नवा परोसिन ए, दूरिहा ले आए हे. चिन्ह ले." आई, ही तुझी नवी शेजारीण, दुरून आलीय, ओळखून घे. एवढंच. मी घरी आले आणि पोरीशेजारी अशी झोपले की स्वयंपाकही यांनीच केला. चारेक दिवसांत पुरळ सुकलं. हे म्हणाले, औषध लागू पडलं. मी म्हटलं, हो, पडलं ना. पोरीचा ताप औषधानं उतरला, माझा त्या बाईनं उतरवला.

पुढं तिचं काम सरलं आणि ती कुम्हारी गावाकडे राहायला गेली. काही वर्षांनी एका सकाळी दारात उभी! सोबत नवी सून. म्हणाली, चल मातेकडे. लिंबाखाली गेलो तर तिनं तांब्या माझ्याच हातात दिला.

"मी कशी सांगू? सून तुही, माता तुही," मी म्हटलं.

ती म्हणाली, मी येते वर्षातून एखाद्या वेळी. तू रोज येतेस. आता माझ्यापेक्षा तुलाच ती जास्त ओळखते.

मी पाणी घातलं, सुनेचं नाव सांगितलं, तिच्या माहेरचं गाव सांगितलं. वळणार तोच ती स्वतःच हळूच म्हणाली, "मोरो नाव बता दे ना, बहिनी."

आपलंही नाव सांग म्हणत होती. तिचं नाव घेतलं आणि सासूचेच शब्द तोंडात आले. "हे आपली हाये माय, ओळखून ठेवजो." माझ्याहून वयानं मोठी बाई ती, नव्या सुनेसारखी डोक्यावर पदर ओढून माझ्यामागे उभी होती.