खडकामागची बाजू

लग्न ठरलेल्या जोडप्यांना धबधब्यापुढे उभं करून त्यांचे फोटो काढणं हा फोटोवाल्याचा धंदा. धंदा बरा चालायचा, पण त्या जागेची त्याला मनापासून किळस होती. बोलून मात्र त्याने ती कधी दाखवली नाही. पोटाला देणाऱ्या जागेला नावं कशी ठेवणार?

जागा म्हणजे काय, तर गाड्या थांबतात तिथून जंगलात शिरणारी छोटीशी पायवाट, दोन-चार वळणं, काही पायऱ्या आणि समोर पाणी. वाट इतकी सोपी की चालायचा कंटाळा असलेली माणसंही येतात, आणि येताना खायला घेऊन येतात. पोटात गेलं तेवढं परत नेतात, उरलेलं तिथेच ठेवतात. चिकट पुडे, चावून टाकलेली हाडं, पोरांचे भरलेले डायपर, एकेकटे मोजे. एका पायात मोजा नसताना माणूस घरी कसा जातो, हे कोडं फोटोवाल्याला कधी सुटलं नाही.

त्याने यावर आपली एक पद्धत बसवली होती. जोडपं यायच्या आधी तो ठरलेल्या जागी कॅमेरा लावायचा, त्यातून बघायचा, आणि जेवढं दिसतंय तेवढ्यातली घाण काठीने डावीकडच्या मोठ्या खडकामागे लोटायचा. सुरुवातीला वाटायचं, उचलून खाली न्यावी. मग म्हणायचा, मी एकट्यानेच का? लोकांच्या पोरांची ढुंगणं मी का धुवायची? खडकामागे त्याने कधी डोकावूनही पाहिलं नाही. दृष्टीआड सृष्टी.

फोटो मात्र असे देखणे यायचे की बघणाऱ्याला तहान लागावी. त्यातलाच एक, माणसं नसलेला, मोठा करून त्याने ताईला दिला होता. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा लोकांचे कपडे शिवून तिनेच त्याला वाढवलं. स्वतः कधी कुठे फिरायला गेली नाही. फोटो तिने शिलाई मशीनच्या समोरच लावला. मान दुखून आली की वर बघायची, आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "माझा भाऊ रोज इथे असतो. नशीब लागतं त्याला."

"मलाही एकदा ने की रे," असं ती मधूनमधून म्हणायची. हा ऊन, गर्दी, चिखल, हाताला लागेल ते कारण पुढे करायचा. पण आता तिचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते. डॉक्टर म्हणाले, नंतर छान चालाल. ताईचा काही त्यावर विश्वास बसेना.

"नंतरचं नंतर बघू," ती म्हणाली. "पाय चालतायत तोवर एकदा बघू दे."

ताईने जन्मात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं ते नेमकं हे.

आदल्या दिवशी हातमोजे आणि झाडू घेऊन तो एकटाच वर गेला. नेहमीच्या जागी उभा राहिला, हातांची चौकट करून पाहिलं आणि कामाला लागला. शेवाळात रुतलेल्या पिशव्या उपसताना त्याला दोनदा उमासे आले. सगळं ओढत नेऊन, तोंड फिरवून, त्याने झाडूने खडकामागे लोटलं आणि खाली दगड धुऊन काढले. संध्याकाळी जागा अशी लखलखीत झाली की तो स्वतःवरच खूश होऊन घरी गेला.

सकाळी ताई इस्त्रीचे कपडे आणि नवे बूट घालून तयार होती. पायऱ्यांपाशी आल्यावर ती थबकली.

"हे गुडघे नाही ऐकायचे. ही दुसरी वाट कुठे जाते?"

बाजूने चाकाच्या खुर्चीसाठी उताराची वाट काढलेली होती. तो त्या वाटेने कधी गेलाच नव्हता. तीही धबधब्यालाच जाते, एवढं पाटीवर लिहिलेलं होतं. बरंच झालं, त्याला वाटलं. पाण्याचा आवाज ऐकू आला तशी ताई झपझप चालायला लागली, आणि तो मागून "सावकाश" म्हणत राहिला.

वाट निघाली ती बरोबर खडकामागे.

तिथे माणसाच्या छातीएवढा ढीग होता. तळाचं सडून काळं पडलेलं, त्यातून घट्ट पाणी पाझरत ओढ्याकडे निघालेलं. माश्यांचा थर हलत होता. मधल्या थरांतून प्लास्टिकच्या पाकळ्या आणि रंगीत धुराच्या रिकाम्या नळ्या बाहेर आल्या होत्या. जोडप्यांच्या मागे गुलाबी धूर सोडतात, त्या नळ्या. कालचा माल सगळ्यात वर होता. फोटोवाल्याला स्वतःची शिसारी आली.

ताईने रुमाल तोंडावर दाबला.

"लोक बघ कसे असतात," तो म्हणाला.

ताई जमिनीकडे बघत होती. झाडूच्या ताज्या रेघा स्वच्छ दगडांकडून थेट ढिगापर्यंत आल्या होत्या.

"हे लोकांनी झाडलं?"

"फोटोत येतं, म्हणून..." तो म्हणाला. "मी बाजूला करतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि खाली न्यायला काय झालं होतं?"

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"ताई, एवढी आलीस तर धबधबा तरी बघ. खडकाला वळसा घातला की समोरच आहे."

"नको," ती म्हणाली. "तिकडे गेले की मलाही हे दिसायचं नाही."

ती वळली आणि आल्या वाटेने एकेक पाऊल टाकत चालू लागली. उताराला गुडघा लचकला आणि तिचा तोल गेला. कडेला लोखंडी कठडा होता, जागोजागी वाळलेल्या थुंकीने बरबटलेला. फोटोवाल्याने धावत येऊन हात पुढे केला.

"तो घाण आहे, ताई. मला धर."

ताईने त्याच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि कठडा धरला.