चांगुणाबाईंचे लाल चतुर

धाड गावाहून जीपनं निघालं की अर्ध्या तासात आमचं गाव येतं. गावाला एक तळं आहे आणि तळ्याकाठी चांगुणाबाईंचा मेथी-पालकाचा तुकडा. वाफ्यात पाणी सोडायचं आणि तो भरेपर्यंत बांधावर बसून लाल चतुर बघायचे, असं त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. पोरं त्या किड्याला हेलिकॉप्टर म्हणतात. बाईंना गाव यडी म्हणायचं.

मागच्या वर्षी गावाला या यडीची गरज पडली. नियमाप्रमाणे गावात जैवविविधता समिती होती, म्हणजे कागदावर होती. तिनं गावातल्या जीवजंतूंची नोंदवहीही केली होती, म्हणजे ग्रामसेवक अश्वजित यांनी कुठलीशी तयार वही आणून वरचं गावाचं नाव बदललं होतं. तपासणीला साहेब येणार हे कळल्यावर ती वही पहिल्यांदा उघडली गेली. आमच्या तळ्याकाठी समुद्री कासवं अंडी घालतात, असं त्यात निघालं. बुलढाणा जिल्ह्यात.

सरपंच भगवंतरावांनी समितीची यादी मागवली. चौथं नाव चांगुणाबाईंचं. आठ वर्षं त्या सदस्य होत्या आणि एकाही सभेला गैरहजर नव्हत्या; तशा त्यांच्या सह्याच होत्या.

ते आणि अश्वजित बाईंच्या बांधावर आले.

"वहिनी, तळ्यातल्या एखाद्या किड्याची माहिती सांगा," भगवंतराव म्हणाले. "एक पान तरी खरं पाहिजे."

"माह्या सह्या कोन करत होतं?"

अश्वजित पेनाचं टोपण शोधू लागले.

"जाऊ द्या ना ते," भगवंतराव म्हणाले.

"ल्ह्या मंग," बाई म्हणाल्या. "नर एक काडी धरते. दिवसभर तिथंच बसते. दुसरा आला का त्याले हाकलते. मच्छर खाऊन आला का पुन्हा त्याच काडीवर."

अश्वजितनी लिहिता लिहिता सरपंचांकडे बघितलं. भगवंतराव पंधरा वर्षं सरपंच होते. मधली पाच वर्षं जागा महिलांना राखीव झाली तेव्हा त्यांची बायको सरपंच होती, म्हणजे तेव्हाही तेच होते.

"मादी शेपटी पान्याले टेकवते अन् अंडे टाकते. तवा नर वरून पहारा देते. पिल्लू पान्यातच वाढते, मच्छराच्या अळ्या खाते. मोठं झालं का लव्हाळ्याच्या काडीवर चढते, पाठ फाटते अन् चतुर भाईर निघते. पयले पिवळा असते, मंग लाल होते."

"म्हणजे रंग बदलते?" भगवंतरावांनी विचारलं.

"हाव. पन जल्मात एकदाच."

भगवंतरावांचे तीन पक्ष झाले होते.

साहेब आले, नेमकं तेवढंच पान वाचून खूश झाले. तालुक्याला भगवंतरावांचा सत्कार झाला. लहानपणापासून आपण चतुरांचं निरीक्षण करत आलो, असं ते तिथं बोलले. बक्षीस म्हणून गावाला तळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालं.

पोकलेन आलं. लव्हाळं मुळासकट उपटलं, काठ सिमेंटनं बांधला आणि मधोमध बैलाएवढा सिमेंटचा लाल चतुर बसवला. लव्हाळं उपटलं त्या दिवशी बाई घरी जाऊन रडल्या. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. ग्रामसभेत मात्र त्या उभ्या राहिल्या.

"लव्हाळंच नाही, त पिल्लू चढन कशावर?"

सभा हसली.

"वहिनी, एवढा मोठा चतुर बसवून देला ना," भगवंतराव म्हणाले.

"त्याले पिल्लं होतीन का?"

सभा आणखी हसली. या वेळी भगवंतराव हसले नाहीत.

उद्घाटन संध्याकाळी, तळ्याकाठीच झालं. पाहुणे भाषणभर स्वतःच्या मानेवर चापट्या मारत होते. मागच्या रांगांना त्या टाळ्याच वाटल्या. महिनाभरात पंचायतीनं मच्छरांसाठी धुराचं यंत्र घेतलं. त्याचंही उद्घाटन झालं.

लव्हाळं उपटलं तेव्हा त्याचा ढीग काही दिवस रस्त्याकडेला पडला होता. त्यातले हिरवे गड्डे बाईंनी घमेल्यात भरून नेले. शेताच्या खालच्या कोपऱ्यात वाफ्यांचं पाणी साचून डबकं होतं, तिथं लावले. भादव्यात मी गेलो तेव्हा तिथं दोन लाल चतुर होते. एक काडीवर बसलेला, दुसरा ती बळकावायला टपलेला.

"पंचायतीले सांगितलं का?" मी विचारलं.

"काऊन सांगू? फीत कापाले येतीन," बाई म्हणाल्या, आणि पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवायला उठल्या.