चिठ्ठीतलं आणि पडद्यावरचं

नुसरत मॅडम गेल्याचं मला आमच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मी आता अकोल्यात शिकवते. दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडत होते, तेव्हा मेसेज आला. त्याखाली एकेकाचे जोडलेले हात येत गेले. मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या मोठ्या बहिणीजवळ थोडा वेळ बसले आणि परत आले. आता महिना झाला... आज लिहिता येईल असं वाटतंय.

मॅडम अमरावतीच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि अकोल्याहून रोज रेल्वेनं अप-डाऊन करायच्या. मी अमरावती शहरातली, इंग्रजी शाळेतून आलेली. हजेरीच्या वेळी ‘येस मॅडम’ म्हणायचे, तेवढाच वर्गात माझा आवाज. मॅडम पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "काहून बसली इतकी मागं? समोर साप हाय का?" कॉलेजातली बाई असं बोलते याचा मला धक्का बसला होता. माझं मराठी शाळेतल्या निबंधांतून आलेलं. शुद्ध ते बरोबर आणि बाकीचं सुधारून घ्यायचं, एवढंच मला माहीत होतं.

त्या वर्षांत शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत रोज आमच्या जिल्ह्याचं नाव असायचं, आणि सोबत बहुधा कपाशीकडे बघणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याचा फोटो. लांबून गाड्या करून लोक यायचे, गावं बघून जायचे. वीज दिवसातले कित्येक तास नसायची. अशात आमच्या कॉलेजात ई-लर्निंग आलं. म्हणजे संगणकांची एक खोली आली. बाकीच्या विषयांचे धडे तिथं पडद्यावर दाखवत आणि मुलं ते वहीत उतरवून घेत. मॅडमनी एकदा दारात उभं राहून ते बघितलं. "फळ्याचा टीव्ही झाला," त्या म्हणाल्या, "पोट्टे मुके ते मुकेच."

मग त्यांनी त्याच संगणकांवर आमच्या वर्गासाठी चर्चेचं एक पान उघडून घेतलं. आठवड्याला एक प्रश्न. त्यावर आपण लिहायचं, दुसऱ्याचं वाचायचं आणि त्याला उत्तर द्यायचं. मॅडम स्वतः मत देत नसत. एखाद्याच्या लिहिण्याखाली ‘पुढे?’ एवढंच लिहीत. त्या एका शब्दानं मुलं हैराण व्हायची आणि पुन्हा लिहायला बसायची.

अडचण अशी होती की खोलीत वीज सकाळी असायची, आणि तिवशाकडून एसटीनं येणाऱ्या मुली पोचेपर्यंत ती गेलेली असायची. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या लिहून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी त्या पानावर टाइप करायच्या असं ठरलं. मॅडमनी ते काम मला दिलं. मला मराठी टायपिंग येत होतं, आणि तोंड उघडावं लागणार नव्हतं. मी फार खूश होते.

एका आठवड्याचा प्रश्न होता : तुमच्या गावाबद्दल बाहेरचे लोक लिहितात, त्यात काय राहून जातं? तिवशाकडच्या सुनंदानं चिठ्ठीत लिहिलं होतं, "आमच्या गावात पेपरवाले येते. कोनी मेलं का येते. माय म्हणते, जित्या मानसाले कोनी इचारत नाई." मी ते वाचलं आणि नीट करून टाइप केलं : ‘ग्रामीण भागातील समस्यांकडे प्रसारमाध्यमांचे दुर्लक्ष होत आहे.’ वाक्य चांगलं जमलं असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी अचानक वीज आली आणि सुनंदानं ते पडद्यावर वाचलं. सगळ्यांसमोर ती मला म्हणाली, "हे मी नाई लिहिलं. मी म्हटलं येते, तू लिहिलं येत नाई. आन् माही माय कुठं गेली?" मी तिचं मराठी सुधारत होते, आणि सुधारता सुधारता तिचं म्हणणंच उलटं केलं होतं.

त्यानंतर तिच्या चिठ्ठ्या बंद झाल्या. तिचं बघून तिच्या बसमधल्या बाकीच्या मुलींच्याही. पानावर आम्ही शहरातलेच एकमेकांना उत्तरं देत राहिलो. मी मॅडमना म्हटलं, मला हे काम नको. त्यांनी माझा राजीनामा घेतला नाही, रागावल्याही नाहीत. एवढंच विचारलं, "चिठ्ठी वाचली तू. त्या पोरीले विचारलं होतं काय?"

नव्हतं विचारलं. तिच्याशी मी कधी बोललेच नव्हते.

"मग आता असं कर. ती आली तर तिच्याजवळ बस. ती सांगते ते तिच्यासमोर टाइप कर, तिलेच वाचून दाखव. ती हो म्हनल तवाच पानावर टाक."

पण ती येणार कशी? मी तीन आठवडे त्या खोलीत एक खुर्ची मोकळी ठेवून बसले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी सुनंदा पहिली एसटी पकडून आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "लिही." तिच्या आईचं वाक्य आम्ही पानावर परत आणलं, जसंच्या तसं. ज्याचे काका वार्ताहर होते अशा एका मुलानं त्याखाली लिहिलं की काका म्हणतात, खेड्यातले लोक बोलतच नाहीत. सुनंदानं माझ्याकडून टाइप करून घेतलं, "काका किती येळ बसले होते?" मुलानं घरी जाऊन विचारलं असावं. दोन दिवसांनी त्याचं प्रामाणिक उत्तर आलं : गाडी चालूच ठेवली होती. त्याखाली मॅडमनी लिहिलं, ‘पुढे?’ मग मुली एकेक करून परतल्या. महिनाभर ते पान थांबलं नाही.

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "सगळ्याइचं टाइप करते. तुही चिठ्ठी कुठं हाय?" त्या आठवड्यात मी पहिल्यांदा स्वतःच्या नावानं लिहिलं. सुनंदाचं वाक्य मी का बदललं ते लिहिलं. मला तिच्या भाषेची लाज वाटली होती... हे लिहायला मला दोन सकाळी लागल्या. ते वाचून कोणी हसलं नाही.

सुनंदा मला माफ करून आपणहून आली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. हा लेख पाठवण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "बराबर हाय. पन मी आपल्या मनानं नोती आली."

"मग?"

"मॅडम आल्या होत्या एसटी स्टँडवर. माह्या बाजूले बसल्या बाकड्यावर. म्हने, चूक त्या पोरीची नाई, माही हाय. मीच तिले मशीन समजली, अन् तुले चिठ्ठी. दोघीइले आमनेसामने बसवलंच नाई. मी म्हटलं, मॅडम, तुमची गाडी सुटंल. तं म्हने, सुटू दे. तू आधी सांग, तुही माय अजून काय म्हनते."

मी ते लेखाच्या शेवटी उतरवायला लागले. तिनं विचारलं, "लिहून रायली ना?"

"लिहिते आहे."

"मंग वाचून दाखव," ती म्हणाली. मी वाचून दाखवलं. तिनं दोन शब्द बदलायला लावले, मग हो म्हणाली.